तिरफळातल्या शेवया

शेवंती कुडाळहून मुंबईला आली ती पुतणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला. दादरच्या दुकानांतून साड्या उलथ्यापालथ्या करून झाल्यावर ती लालबागला गुणवंतीच्या खोलीवर आली आणि पाणी पितापिताच म्हणाली, की सोमवारी तिघींनी ल्यांगशेटच्या हॉटेलात जेवायला जायचं. कमळाबाईला ती वाटेत भोईवाड्यात थांबून सांगूनही आली होती.

गुणवंती "बरं" म्हणाली. अलीकडे ती कशालाही बरं म्हणत असे. दादरच्या पोळी-भाजी केंद्रात ती पोळ्या लाटायला जायची. तिथल्या मालकिणीनं काम वाढवलं तरी बरं, चाळीतल्या बायकांनी हळदीकुंकवातून वगळलं तरी बरं. शेवंतीला हे ठाऊक नव्हतं. संपाच्या पहिल्याच वर्षी ती नवऱ्याबरोबर बिऱ्हाड आवरून गावाला गेली होती, त्यानंतर दोघींची गाठ पडत होती ती आज. तिला वाटलं, गुणवंती खूश झाली.

तिघी परळच्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात होत्या. बॉबिनवरचं सूत मोठ्या शंकूसारख्या कोनांवर भरायचं, तुटलं की गाठ मारायची, असं ते दिवसभर उभ्यानं करायचं काम. कमळाबाई सगळ्यांत मोठी. ती युनियनमध्ये पुढे असायची आणि जॉबरशी, म्हणजे मुकादमाशी, भांडायची वेळ आली की खात्यातल्या बायका तिलाच पुढे करायच्या. शेवंतीचं तोंड यंत्रापेक्षा जोरात चालायचं. गुणवंती दोघींहून लहान आणि हसरी. ती हसली की एवढ्या खडखडाटातही पलीकडच्या रांगेला कळायचं.

पगाराच्या दिवशी सुटल्यावर तिघी घरी जायच्या आधी ल्यांगशेटकडे जायच्या. लालबागच्या मसाल्याच्या दुकानांमागे एका बोळात ते हॉटेल होतं. पाटीवर इंग्रजीत काहीतरी लांबलचक नाव होतं, पण सगळा भाग त्याला चिन्याचं हॉटेलच म्हणायचा. ल्यांगशेटचा बाप जहाजांवर सुतारकाम करत करत माझगावला येऊन राहिला होता. ल्यांगशेटचा जन्म इथलाच, आणि तो मराठी बोलायचा ती शिवडीच्या कोळ्यांसारखी, कारण ती तो बायकोकडून शिकला होता. सुंदराबाई शिवडी कोळीवाड्यातली. आधी ती त्याच्या हॉटेलाला मासळी पुरवायची, मग भाव करता करता लग्नच ठरलं. दोन्हीकडच्या माणसांनी कित्येक वर्षं त्यांचं तोंड पाहिलं नाही. पण त्या लग्नातून जे जेवण तयार झालं तसं मुंबईत दुसरीकडे मिळत नव्हतं. मोठ्या आचेवर काळा सॉस घालून तो शेवया परतायचा आणि वरून ती सुका जवळा भुरभुरायची. कोकमाच्या आगळाचं गरम सूप असायचं. तिरफळ तर जवळजवळ सगळ्यातच असायचं. ल्यांगशेट सांगायचा, की त्याच्या बापाला चीनमधल्या एका मिऱ्याची फार आठवण यायची. एकदा लालबागच्या दुकानात तिरफळाचा वास आला आणि म्हातारा तिथेच फळीवर बसून राहिला.

तिघींची आवड म्हणजे तिरफळातल्या शेवया. खाताना ओठ आणि जिभेचा शेंडा बधिर व्हायचा, आणि तशा तोंडानं बोलताना शेवंतीचे शब्द वाकडे पडायला लागले की गुणवंती टेबलावर डोकं टेकून हसायची.

गुणवंतीचा नवरा रघुवीर त्याच गिरणीत साचे खात्यात, मागावर होता. माणूस चांगला, पण खाण्याच्या बाबतीत हट्टी. चिन्याकडे बेडूक शिजवतात असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवून दिलं होतं. एकदा गुणवंतीनं त्याच्यासाठी डब्यातून शेवया आणल्या, तर त्यानं डबा न उघडताच दाराबाहेर नेऊन ठेवला. भांडण झालं नाही. त्यानंतर तिनं घरात त्या हॉटेलाचं नाव काढलं नाही एवढंच, आणि पगाराच्या दिवशी उशीर का झाला हे तो विचारेनासा झाला.

मग ब्याऐंशी साल उजाडलं आणि संप आला. त्याबद्दल गिरणगावात सगळ्यांना सगळं ठाऊक आहे. सुरुवातीचे महिने लोक सणासारखे वागले, नंतर भांडी विकायला लागले, नंतर गावाला जायला लागले. रघुवीर गेला नाही. गावी त्याच्या वाटणीला फक्त आंब्याची चार झाडं होती, आणि ती भावानं तोडली होती. तो शिवडीला एका गोदामात हमालीला जाऊ लागला. हाती मागाचा धोटा धरणारा माणूस, त्याला कापसाच्या गाठी उचलायची सवय नव्हती. खांद्यांची सालं निघाली, गालफडं बसली. पहाटे जायचा तो दिवेलागणीला यायचा. गुणवंती ताट वाढायची आणि तो अर्धी भाकरी मोडून उरलेलं मुलीच्या आणि तिच्या ताटात सरकवायचा.

"माका नको," म्हणायचा. "माका भूक नाय. तुमी जेवा."

रोज तेच. सुरुवातीला ती आग्रह करायची. नंतर करेनाशी झाली, कारण तिलाही भूक लागलेली असायची.

संपाच्या दुसऱ्या वर्षी, उन्हाळ्यात, गोदामात एका गाठीला पाठ टेकून बसलेला रघुवीर उठलाच नाही. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं सांगितलं. चाळीनं सांगितलं, उपासमारीनं गेला. दहाव्यानंतर चाळीच्या पटांगणात शोकसभा झाली, आणि कमळाबाई बोलायला उभी राहिली. ती चांगलं बोलायची. पोरीच्या ताटात घास सरकवत सरकवत आपला रघुवीर उपाशी गेला, पण संप मोडून गिरणीच्या दारात गेला नाही, असं ती म्हणाली, तेव्हा पुरुषमाणसंसुद्धा डोळे पुसत होती. गुणवंती पहिल्या रांगेत बसली होती, शेजारी मुलगी सुरंगी.

ते वाक्य पुढे इतर सभांतूनही बोललं गेलं. लोक गुणवंतीकडे आदरानं बघू लागले. तिच्या मनात मात्र ते दुसऱ्या बाजूनं रुतलं. तो उपाशी गेला म्हणजे त्याच्या वाटणीचं कुणीतरी खाल्लं होतं. सुरंगी लेकरू होती, तिचा काय दोष? उरली ती स्वतः. सरकवलेली अर्धी भाकरी आपण मोडून खायचो आणि ती गोड लागायची, हे तिला पक्कं आठवत होतं.

ती रडली नाही. आधी बायकांना वाटलं धक्का आहे, येईल रडू. मग म्हणू लागल्या, धीराची आहे. ती धीराची वगैरे नव्हती. तिला काही होतच नव्हतं. दुपारचं जेवण तिनं सोडून दिलं आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. सकाळ-संध्याकाळ पोटात काहीतरी घालायचं, तर घालायची. केंद्रात तव्यांवरून पोळ्यांच्या चळती उतरायच्या, गिऱ्हाइकं वासानंच आत यायची, आणि गुणवंती पिठाच्या गोळ्यांकडे कापसाकडे बघावं तसं बघायची. संप कुणी मागे घेतला नाही, तो विरला. काहींना कामावर परत घेतलं, वाइंडिंगच्या बायकांपैकी कुणालाच नाही. वर्षं गेली. सुरंगी मॅट्रिक होऊन टायपिंगच्या क्लासला जाऊ लागली. मायलेकी एकमेकींशी नीट वागायच्या, आणि रघुवीरविषयी बोलायच्या नाहीत.

सोमवारी दुपारी तिघी बोळात शिरल्या तेव्हा शेवंती एवढी बोलत होती की तिला हॉटेल पटकन सापडलंच नाही. अर्ध्या गाळ्यात आता कॅसेटचं दुकान झालं होतं. उरलेल्या अर्ध्यात चार टेबलं आणि मागे चूल. चुलीपुढे स्वतः सुंदराबाई उभी होती, केस पांढरे झालेले, लुगडं कोळणींसारखं घट्ट नेसलेलं. तिनं डोळे बारीक करून तिघींकडे पाहिलं.

"वाइंडिंगवाल्या," ती म्हणाली. "बसा गो. मी पाणी आणते."

ल्यांगशेट नव्हता. मुलगा कॅनडाला स्थायिक झाला, तो बापाला घेऊन गेला. ही गेली नाही. तिथे म्हणे समुद्र गोठतो, आणि गोठलेल्या समुद्राशी आपलं काय काम, असं तिनं मुलाला सांगितलं होतं. ल्यांगशेटचा आठवड्याला फोन येतो, शेजारच्या कॅसेटवाल्याकडे. आणि प्रत्येक फोनमध्ये तो आजची मासळी काय होती ते विचारतो. हे सांगताना ती कढई हलवत होती आणि मागे वळून बघत नव्हती.

शेवया आल्या. जवळा तसाच, सॉस तसाच. शेवंतीनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. कमळाबाईही काही न बोलता खात राहिली, म्हणजे तिला आवडलं होतं. गुणवंतीनं घास घेतला, चावला, गिळला. थोड्या वेळानं ओठ बधिर झाले तेवढं कळलं. चव आली नाही. शेवंती मुद्दामच तोंड भरून बोलत होती, शब्द वाकडे पाडत होती आणि तिच्याकडे बघत होती. गुणवंतीच्या ते लक्षात आलं. हसायला हवं हेही कळलं. तिनं ओठ ताणले, तर शेवंतीच गप्प झाली.

गर्दी नव्हती. सुंदराबाई हात पुसत आली, स्टूल ओढून बसली आणि कोण कुठे आहे, कुणाचे मालक काय करतात ते विचारू लागली. शेवंतीचा नवरा गावी काजूच्या कारखान्यात होता. कमळाबाईचा केव्हाच वारलेला, मुलगा बेस्टमध्ये. गुणवंतीची पाळी आली तेव्हा कमळाबाईनंच उत्तर दिलं. तिला सवय होती. तिनं पाण्याचा पेला बाजूला सारला आणि सभेत सांगायची तसं सांगू लागली: हिचा नवरा रघुवीर, साचे खात्यातला, पक्का माणूस. शिवडीच्या गोदामात हमाली करायचा, पण गिरणीच्या दारात गेला नाही. घरी येऊन स्वतःच्या तोंडातला घास पोरीच्या ताटात सरकवायचा आणि भूक नाही म्हणायचा. तसाच उपाशी राहून राहून गेला.

सुंदराबाई ऐकत होती. मधेच तिनं कपाळाला आठ्या घातल्या.

"शिवडीला? कुठलं गोदाम?" तिनं विचारलं. कमळाबाईनं सांगितलं. "इथे खूण होती त्याला?" सुंदराबाईनं आपल्या डाव्या भुवईवर बोट ठेवलं.

धोटा उडून लागला होता, लग्नाआधी. गुणवंतीनं मान हलवली.

"तो गेला?" सुंदराबाई म्हणाली. "मना वाटलं, गावाला गेला. तवा सगळेच जात होते. एक दिवस आला नाय, दुसऱ्या दिवशी आला नाय, मी म्हटलं गेला असंल बिऱ्हाड घेऊन." तिनं पदर तोंडाला लावला. मग जरा वेळानं, जणू आत्ताच कमळाबाईचं बोलणं तिच्यापर्यंत पोचलं असावं तशी म्हणाली, "पण उपाशी? तो कशाला उपाशी—"

ती थांबली. तिनं तिघींची तोंडं पाहिली आणि तिला कळलं की आपण बोलायला नको होतं.

"सांगा," गुणवंती म्हणाली.

"काय नाय गो. जुनी गोष्ट."

"सांगा तुम्ही."

मग सुंदराबाईनं सांगितलं. संपाच्या दिवसांत तिच्या मासळीच्या पाट्या शिवडीच्या बंदरावरून आणायला माणूस मिळेना. गोदामातला एक हमाल दुपारच्या सुट्टीत हातगाडीवर घालून आणून द्यायला तयार झाला. तोच रघुवीर. मजुरी नको, दुपारी पोटभर जेवायला घाला, असं त्यानं स्वतःच ठरवलं. पहिल्या दिवशी तो मागच्या दाराशी उपड्या खोक्यावर बसला आणि ताटाकडे नुसता बघत राहिला. बेडूक नाही ना, म्हणून विचारलं. ल्यांगशेट इतका हसला की त्याच्या हातातला झारा पडला. मग रघुवीर जेवला, आणि त्यानंतर रोज जेवत राहिला. दोनदा वाढून घ्यायचा. तिरफळ कमी पडलं तर तोंडावर सांगायचा. जेवून झालं की ल्यांगशेटच्या खुर्चीत बसून एक डुलकी काढायचा आणि मग गाडी घेऊन परत जायचा.

"मी म्हणायची, घरी न्यायला बांधून देते. तर नको म्हणायचा. म्हणायचा, बायको इथे यायची पूर्वी, मी तिला नावं ठेवली, आता कुठल्या तोंडानं डबा नेऊ? कोण बायको ते काय सांगायचा नाय. मी इकडं जेवतो म्हणजे घरातलं माझं त्या दोघींना होतं, असा हिशोब होता त्याचा. मी म्हटलं, बरोबर आहे."

मग कमळाबाईनं खुर्ची मागे सरकवली. तिचा चेहरा उतरला होता, आणि आवाज मात्र कडक होता.

"सुंदराबाय, हे बाहेर कुणाला बोलू नकोस," ती म्हणाली. "त्या माणसाचं नाव आहे लोकांत. हिला मान आहे त्याच्यापायी. लोक काय म्हणतील, बायको-पोर उपाशी आणि हा हॉटेलात बसून चापत होता?"

सुंदराबाई अपराध्यासारखी टेबल पुसू लागली, स्वच्छ असलेलंच.

"पोट भरायचं त्याचं?" गुणवंतीनं विचारलं.

सुंदराबाईचा हात थांबला. "ढेकर द्यायचा," ती म्हणाली. "मोठा. गिऱ्हाइकं वळून बघायची."

"घरी पण द्यायचा. आधी." गुणवंती म्हणाली. "शेवटच्या दिवशी आला होता?"

"कुठला दिवस शेवटचा ते मना कसं कळणार, बाय? पण जेवल्याशिवाय गेला असं कधी झालं नाय. आला त्या दर दिवशी जेवला."

सुंदराबाई रडत होती. शेवंतीच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. गुणवंतीच्या नाही. तिला बरं वाटत होतं की वाईट, हे तिला कळेना. मांडीवर धरलेलं मूल कुणीतरी उचलून घ्यावं आणि मांडीला मुंग्याच येत राहाव्यात, तसं काहीसं होतं. तिनं आणखी बारीकसारीक विचारलं. काय आवडायचं? बोंबील घातलेल्या शेवया. पाणी फार प्यायचा का? हो. कुणाशी बोलायचा? ल्यांगशेटशी, कायम पत्त्यांविषयी. आमच्या सुरंगीचं नाव घ्यायचा? घ्यायचा, पोरगी वर्गात वरच्या नंबरात असते म्हणून. प्रत्येक उत्तराला ती मान हलवत होती आणि मधूनमधून एक घास खात होती. ताट रिकामं झालं हे तिच्या लक्षात आलं नाही, शेवंतीच्या आलं.

निघताना कमळाबाई पुन्हा म्हणाली, की झालं ते इथेच ठेवायचं.

"का ठेवायचं?" गुणवंती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तो जेवत होता, कमळाबाय. चोरी केली नाय त्यानं. गाडी ओढून जेवत होता."

"तुला समजत नाही."

"माका समजता. इतकी वर्सां मी त्याच्या वाटणीचा खाल्लंय म्हणून बसलंय. तुमची सभा झाली त्या दिवसापासून."

कमळाबाईला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. ती बोळाच्या तोंडाशी उभी राहिली, मिरच्यांच्या पोत्यांजवळ, आणि तिला ठसका लागला. मग कुणाचाही निरोप न घेता ती भोईवाड्याच्या दिशेनं चालू लागली. शेवंती तिच्यामागे दोन पावलं गेली आणि परत आली. तिनं गुणवंतीचा हात धरला आणि चाळीपर्यंत धरून ठेवला. त्या वाटेवर ती एकदाच बोलली. तू अशी झाली आहेस हे आपल्याला कुणी कळवलं नाही, असं म्हणाली. गुणवंती म्हणाली, कळवायला काही नव्हतंच.

संध्याकाळी सुरंगी क्लासहून आली. गुणवंती भाकऱ्या थापत होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि पाठमोरीच म्हणाली, "तुझे बाबा दुपारचे चिन्याकडे जेवायचे. संपात. आज कळलं."

तिनं वळून पाहिलं तर सुरंगी चपला हातात घेऊन उभी होती.

"माका म्हायत होता," सुरंगी म्हणाली.

रघुवीर तिला एकदा घेऊन गेला होता. शाळा लवकर सुटली होती आणि तो हातगाडी ओढत समोरून येत होता. पोरगी पाठीमागे लागली, मग त्याचा नाइलाज झाला. मागच्या दाराशी बसवून त्यानं तिला आपल्या ताटातलं भरवलं आणि आईला सांगू नको म्हणाला, आपण स्वतःच एक दिवस तिला इथे घेऊन येऊ म्हणाला. सुरंगीनं सांगितलं नाही. मग तो गेला. मग सभा झाली, आणि सगळे रडत असताना पहिल्या रांगेत बसलेल्या तिला एकटीलाच माहीत होतं की कमळाआजी बोलते ते तसं नाही. तेव्हा बोललं तर लोक बाबांना खोटं पाडतील असं वाटलं. पुढे मोठी झाल्यावर वाटलं, आईला एव्हाना कळलं असेलच, आणि तीही बाबांची लाज राखायला गप्प असेल.

"तू जेवत नाहीस दुपारची," सुरंगी म्हणाली. "मला वाटायचं उपास धरलायस कसला तरी."

भाकरी करपली. गुणवंतीनं ती काढून बाजूला ठेवली आणि तवा खाली उतरवला. मग दोघी तिथेच ओट्याशी बसल्या. सुरंगीनं काय खाल्लं होतं ते तिनं विचारलं. कोलंबी होती, सुरंगी म्हणाली, आणि तोंड बधिर झालं म्हणून मी रडायला लागले, तर बाबा म्हणाले, जरा थांब, आपोआप जातं. आणि ते हसत होते. गुणवंतीला त्याचं हसणं नीट आठवेना. कसा हसायचा, तिनं विचारलं. सुरंगीनं खांदे हलवून दाखवले, आवाज न करता. हो, तसाच. मग बोलणं त्याच्या पत्त्यांवर गेलं, त्याच्या हट्टांवर, घोरण्यावर, सुरंगीच्या पाटीवर तो धाग्यांच्या नक्षीसारख्या रेघा काढून द्यायचा त्यावर. दोघींपैकी कुणी रडलं नाही. गुणवंती पुढेही कधी रडली नाही. ते राहूनच गेलं. पण दुसऱ्या दिवशी केंद्रात पोळ्या लाटताना तिला भूक लागली. किती तरी वर्षांत तशी लागली नव्हती. आधी तिला वाटलं, पोटात दुखतंय. मग तिनं शेजारच्या बाईला सांगितलं, भूक लागली. ती म्हणाली, अगं खा ना मग, समोर तर आहे.

शेवंती बस्ता घेऊन गावाला गेली. कमळाबाई बरेच दिवस फिरकली नाही. दिवाळीच्या जवळ एका दुपारी ती जिना चढून आली, दारात दम खात उभी राहिली आणि गुणवंतीनं ये म्हणायच्या आधीच आत येऊन बसली. चहा होईपर्यंत तिनं मुलाच्या बदलीचं सांगितलं, गुडघ्यांचं सांगितलं. कप हातात आल्यावर म्हणाली, की परवा एका सभेत तिला बोलायला बोलावलं होतं, आणि रघुवीरचं तिनं काढलं नाही.

"काढायचं," गुणवंती म्हणाली. "जसं झालं तसं सांगायचं. संपात एका कोळणीनं आणि एका चिन्यानं त्याला रोज जेवू घातलं."

कमळाबाईनं चहाचा घोट घेतला. तिनं खरोखरच विचार केलेला दिसला.

"त्यावर सभेत कुणी रडत नाही गं," ती म्हणाली.

गुणवंतीला ते पटलं. तिनं तसं सांगितलंही. मग तिनं डब्यातल्या चकल्या काढल्या, घाण्यातल्या पहिल्याच, जरा मऊ पडलेल्या, आणि दोघींमध्ये ठेवल्या.